भीतीदायक बातम्या आणि लहान मुले : नागपूरच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील बालवाड्यांच्या आणि प्राथमिक शाळांच्या पालकसभांमध्ये जे प्रश्न दरवेळी पुढे येतात, आणि एखादी मोठी दुर्घटना घडली की ज्यांची रात्री उशिरापर्यंत संदेशांतून रीघ लागते, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे साधारणपणे ३ ते ९ या वयोगटातील मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला अशा बातम्या सांगायच्याच कशाला? तिला काय कळते?

दूर कोठे तरी घडलेली आणि मुलीच्या कानापर्यंत न पोचलेली घटना तिला मुद्दाम सांगण्याची काहीही गरज नाही. मात्र ती पोचलेली नाही असे गृहीत धरण्यात पालकांची बहुतेक वेळा चूक होते. शाळेच्या व्हॅनमध्ये दुसरीतला दादा बोलतो, भाजी निवडताना आजी आणि शेजारच्या काकू बोलतात, आई फोनवर हळू आवाजात बोलते. आणि मूल खोलीत आले की सगळे एकदम गप्प होतात. त्या गप्प होण्यावरूनच मुलाला कळते की काही तरी आहे आणि ते आपल्याला विचारायचे नाही. म्हणून स्वतःला दोन गोष्टी विचारून पाहाव्यात : ही घटना आपल्या घराला, गल्लीला किंवा शाळेला स्पर्श करते का, आणि उद्यापर्यंत ती मुलीला दुसऱ्या कोणाकडून कळण्याची शक्यता आहे का? यांपैकी एकाचे उत्तर ‘हो’ असेल, तर ती तिला तुमच्याकडून कळलेली बरी.

२. बोलायला सुरुवात कशी करायची? नेमके काय म्हणायचे?

सुरुवात सांगण्याने नव्हे, विचारण्याने करावी. “तू काय ऐकलंस?” हा प्रश्न आधी, आणि उत्तर मिळाल्यावर “मग तुला काय वाटलं?” हा नंतर. हा क्रम चुकला की काय होते त्याचे एक उदाहरण देतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळल्यानंतर सोनेगाव भागातील एका वडिलांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला विमान कसे उडते, इंजिने किती असतात, तपास कोण करतो, हे सगळे मोठ्या प्रामाणिकपणे पंधरा-वीस मिनिटे समजावून सांगितले. मुलाने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, “पण आपल्या गच्चीवरून जाते ते विमान पडलं तर आजी वाचेल का?” आजी रोज संध्याकाळी गच्चीवर पापड-कुरडया काढायला जात असे. मुलाचा प्रश्न विमानाविषयीचा नव्हताच, आणि तो काय आहे हे आधी विचारले असते तर उत्तर दोन मिनिटांत झाले असते.

प्रश्न कळल्यावर तेवढ्याच प्रश्नाचे, खरे आणि लहान उत्तर द्यावे. बहुतेक प्रसंगी तीन-चार वाक्ये पुरतात : “काल खूप मोठा अपघात झाला. काही माणसं वारली, काहींना लागलं. डॉक्टर आणि अग्निशमन दलाचे लोक तिथे मदत करत आहेत. आपण सगळे सुखरूप आहोत आणि बाबा सहा वाजता घरी येणार आहेत.” यातील शेवटचे वाक्य मोठ्यांना किरकोळ वाटते; मुलाला सर्वांत जास्त तेच हवे असते. त्यानंतर थांबावे. मूल खेळायला पळाले तर जाऊ द्यावे, कारण ते पुन्हा येऊन विचारणार आहे, आणि तेही बहुधा तुम्ही ऑटो ठरवत असताना किंवा पोळी तव्यावर असताना.

३. आमच्याकडे आबा दिवसभर बातम्या लावून बसतात. मुले तिथेच खेळतात. याचा खरोखर परिणाम होतो का?

होतो. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी स्फोटानंतर तेथील शाळकरी मुलांची पाहणी झाली, तेव्हा त्या घटनेची दृश्ये टीव्हीवर जास्त पाहणाऱ्या मुलांमध्ये, जवळचे कोणीही दगावलेले नसतानाही, मानसिक ताणाची लक्षणे अधिक दिसली होती. मोठ्या माणसांचेही तेच आहे : २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून अधिक बातम्या पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण नोंदवला होता.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एकच इमारत वाहिनीवर चाळीस वेळा कोसळताना दाखवली, तर पाच वर्षांच्या मुलाला एका इमारतीची पुनरावृत्ती दिसत नाही. त्याच्या लेखी चाळीस इमारती कोसळलेल्या असतात. त्यातच ‘ब्रेकिंग’ची लाल पट्टी, ढणढण संगीत आणि ओरडणारा निवेदक. आबांशी भांडण न करता सांगावे की मुले जागी असेपर्यंत टीव्ही बंद, आणि बातम्या हव्या असल्यास सकाळी वर्तमानपत्र. हे आमच्या अनुभवात आबांना पटते, विशेषतः पत्ते खेळायला नातू समोर बसवून दिला तर. मोबाईलचा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली चित्रफीत आपोआप गॅलरीत उतरते आणि मूल तोच फोन कार्टूनसाठी मागते. सेटिंगमध्ये जाऊन हे आपोआप उतरणे आजच बंद करावे.

४. “आपल्याकडेही असं होईल का?” असे मूल विचारते. “कधीच होणार नाही” असे वचन द्यावे का?

देऊ नये. नागपुरात तर हे वचन मोडलेले मुलांनी पाहिले आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट यांसारख्या वस्त्यांत शिरले आणि माणसे झोपेतून उठून कॉटवर उभी राहिली. ज्या घरात आदल्या आठवड्यात “आपल्याकडे कशाचा पूर येतो?” असे हसून सांगितले गेले होते, तेथील मुलाने त्यानंतर आईबाबांच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवावा?

त्याऐवजी दोन खऱ्या गोष्टी सांगाव्यात. पहिली, अशी घटना क्वचित घडते. दुसरी, घडलीच तर आपण काय करू. “पाणी आलं तर आपण वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊ, बाबा मेन स्विच बंद करतील, तुझी बॅग ताई घेईल.” मुलाला आकडेवारीने धीर येत नाही, आपल्या माणसांचे ठरलेले आहे, यातून येतो. त्या योजनेत मुलालाही एक छोटे काम असावे, उदाहरणार्थ टॉर्च कोठे आहे ते लक्षात ठेवण्याचे.

५. पुरानंतर दोन वर्षे झाली, तरी ढग दाटून आले की मुलगा कासावीस होतो. हे अजून कसे?

शरीराची आठवण शब्दांपेक्षा चिवट असते, आणि वास, आवाज, ऋतू यांनी ती जागी होते. घटनेच्या वार्षिक दिवसाच्या आसपासही असे होते. पूर अनुभवलेली एक मुलगी मला माहीत आहे. आभाळ भरून आले की ती काही न बोलता घरातल्या सगळ्यांच्या चपला एकेक करून कपाटाच्या वर ठेवते. पुरात तिच्या चपला वाहून गेल्या होत्या. तिच्या आईने तिला कधी अडवले नाही, हे फार चांगले केले. पावसाळ्याआधीच, कोरड्या दिवशी, योजनेची उजळणी करावी (प्रश्न ४), आणि पाऊस सुरू झाल्यावर मुलाला खिडकीशी घेऊन बसून “हा रोजचा पाऊस आहे, गटार नीट वाहतंय, बघ” असे दिसेल ते सांगावे. भीती वर्षागणिक कमी होत असेल तर काळजी नको. वाढत असेल, तर प्रश्न १४ पाहा.

६. आजोबा गेले, तेव्हा मुलीला “देवाघरी गेले” असे सांगितले. ते चूक झाले का?

चूक नव्हे, पण अपुरे. घराघरांतील शब्द निराळे असतात. कोणी देवाघरी म्हणते, कोणी अल्लाहकडे, कोणी निसर्गात विलीन झाले म्हणते, आणि आपली श्रद्धा मुलांना सांगण्याचा प्रत्येक कुटुंबाला अधिकार आहे. परंतु साधारण पाच ते सात या वयापर्यंत मुलाला मृत्यूचे काही मूलभूत पैलू हळूहळू उमगत असतात : मेलेले माणूस परत येत नाही, त्याचे शरीर काम करत नाही, मृत्यूला काही कारण असते आणि तो सगळ्यांनाच येतो. हे उमगण्याआधी ‘देवाघरी’ हे इतर कोणत्याही घरासारखे घर असते, आणि मुलगी विचारते की आबा दिवाळीला येणार का.

म्हणून आधी शरीराची गोष्ट सांगावी : “आबांचं शरीर काम करायचं थांबलं. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येऊ शकत नाहीत.” त्यानंतर घरची श्रद्धा. टाळण्याजोगे शब्द दोनच, ‘झोपले’ आणि ‘गावाला गेले’. पहिल्याने मूल झोपायला घाबरते, दुसऱ्याने बाबा दौऱ्यावर निघाले की रडून गोंधळ घालते.

७. अंत्यदर्शनाला किंवा तेरवीला मुलाला न्यावे का?

त्याची इच्छा असेल तर न्यावे. नसेल तर ओढत नेऊ नये. तेथे काय दिसेल ते आधी सांगावे (“मोठी माणसं रडतील, आबांना पांढऱ्या कापडात ठेवलेलं असेल”). ज्याला स्वतःला फारसे दुःख नाही असा एक मामा किंवा शेजारी केवळ मुलासाठी सोबत ठेवावा, म्हणजे मूल कंटाळले तर तो त्याला बाहेर घेऊन जाईल. घाटावरील प्रत्यक्ष अग्निसंस्कार इतक्या लहान मुलांना न दाखवलेला बरा, असे माझे मत आहे. तेरवीच्या जेवणात वाढायला लावणे मात्र उत्तम.

८. मुलगा म्हणतो, “मी आबांना रागाने बोललो म्हणून ते मेले.” याला काय उत्तर द्यावे?

या वयात विचार आणि घटना यांच्यातील भिंत पातळ असते. आपण मनात आणले म्हणून तसे झाले, असे मुलांना खरोखर वाटते, आणि ते बहुधा बोलून दाखवत नाहीत; तुमच्या मुलाने बोलून दाखवले हे चांगलेच झाले. “छे, वेडा आहेस का?” असे म्हणून विषय झटकू नये. “रागाने बोलल्याने कोणी मरत नाही. आबांचं हृदय आजारी होतं. तू काही वाईट केलेलं नाहीस” असे स्पष्ट कारणासह सांगावे, आणि तो पुन्हा विचारील तेव्हा त्याच शब्दांत पुन्हा सांगावे. उत्तर तेच राहिले की त्याला खात्री पटते.

९. बातमी आल्यापासून पाच वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओले करते, अंगठा चोखते, आईला सोडत नाही. रागवावे का?

रागवू नये. ताणाखाली मुले मागच्या पायरीवर उतरतात, कारण ती पायरी त्यांच्या ओळखीची असते. रबरी कापड अंथरावे, झोपण्यापूर्वी दिवा थोडा जास्त वेळ ठेवावा, उठण्या-जेवण्या-निजण्याच्या वेळा पाळाव्यात. घाबरल्या क्षणी श्वासाचा खेळ उपयोगी पडतो : भिरभिरे हातात द्यावे आणि ते हळूहळू, खूप वेळ फिरत राहील असे फुंकायला सांगावे. लांब उच्छ्वासाने शरीर खरोखर शांत होते, आणि मुलीला आपण ‘उपचार’ घेत आहोत असेही वाटत नाही. काही आठवड्यांत हे आपोआप कमी होते. न झाल्यास प्रश्न १४.

१०. मुले तोच अपघात पुन्हा पुन्हा खेळतात, आणि एकजण तर बातमी ऐकून हसला. हे निर्दयपणाचे लक्षण आहे का?

नाही. ठोकळ्यांची इमारत रचून पाडणे, बाहुलीला ॲम्ब्युलन्समध्ये घालणे, हा मुलांचा बोलण्याचाच प्रकार आहे. हसणेही पुष्कळदा गोंधळलेपणाचे असते; त्या वयात चेहरा कोणता करावा हे माहीत नसते. खेळ पाहताना एकच गोष्ट ताडून पाहावी : तो पुढे सरकतो आहे का? आज इमारत पडली, उद्या क्रेन आली, परवा माणसे बाहेर काढली, असे होत असेल तर खेळ आपले काम करीत आहे. तोच प्रसंग, त्याच क्रमाने, निरानंद चेहऱ्याने आठवडेच्या आठवडे चालला असेल, तर शेजारी बसून “आता मदतीला कोण येईल?” असे विचारून पाहावे, आणि तरीही खेळ पुढे सरकत नसेल तर प्रश्न १४ पाहावा.

११. पुण्याला मावशीकडे जायचे आहे. समृद्धी महामार्गावरील बसच्या अपघाताविषयी ऐकल्यापासून मुलगा बसमध्ये चढायला तयार नाही.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. हा आपल्याच गावचा, आपल्याच मार्गाचा अपघात आहे, त्यामुळे “ते दुसरीकडे झालं” असे येथे म्हणताच येत नाही. प्रवास कायमचा टाळल्यास भीती घट्ट होते, आणि जबरदस्तीने नेल्यासही होते. मधला मार्ग असा, की या वेळी हवे तर रेल्वेने जावे, परंतु त्याआधी एखाद्या दिवशी रामटेकपर्यंत दिवसाउजेडी बसने जाऊन यावे. बसमध्ये संकटकाळी बाहेर पडायचे दार कोणते आणि काच फोडायची हातोडी कोठे आहे, हे मुलाला शोधायला लावावे. एरवी जे मूल डोळे मिटून बसले असते, ते हातोडी सापडेपर्यंत सगळी बस फिरून आलेले असते.

१२. युद्धाच्या किंवा दंगलीच्या बातम्यांबाबत वेगळे काही करावे लागते का?

होय, कारण तेथे संकट माणसांकडून आलेले असते आणि ‘कोणी केले?’ याचे उत्तर मुलाच्या मनात पुढे वर्षानुवर्षे राहते. मार्च २०२५ मध्ये महाल भागातील हिंसाचारानंतर शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली, तेव्हा कित्येक घरांतील मुलांनी ‘ते लोक’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मुलाशी बोलताना कृतीचे नाव घ्यावे, समाजाचे नव्हे : “काही माणसांनी दगड मारले, गाड्या जाळल्या. ते चूक आहे. पोलीस त्यांना थांबवत आहेत.” त्याच्या वर्गात, व्हॅनमध्ये, गल्लीत दोन्ही समाजांची मुले असतात, आणि संचारबंदी उठल्यावर त्याला त्यांच्याच शेजारी बसायचे असते.

७ मे २०२५ रोजी देशात अनेक ठिकाणी नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा टीव्हीवरील भोंगे ऐकून पुष्कळ मुले पलंगाखाली शिरली. सराव आणि हल्ला यांतील फरक मुलांना शाळेतील आग-सरावाच्या उदाहरणाने पटकन कळतो. सीमा येथून किती दूर आहे हे नकाशावर बोटाने मोजून दाखवणेही उपयोगी पडते. ज्या मुलांचे वडील किंवा काका सैन्यात आहेत, त्यांना मात्र हा नकाशा दाखवू नये. त्यांच्यासाठी सीमा दूर नसते. त्यांना शेवटचा फोन कधी आला आणि पुढचा साधारण कधी येईल, एवढेच सांगावे.

१३. लहान मुलीवरील अत्याचाराची बातमी सगळीकडे आहे. सहा वर्षांच्या मुलीला काय सांगू?

तपशील सांगू नयेत. “एका मोठ्या माणसाने एका मुलीला त्रास दिला. चूक त्या माणसाची आहे, मुलीची नाही” एवढे पुरे. शरीराच्या सुरक्षिततेचे धडे, म्हणजे खासगी अवयवांची खरी नावे, ‘नाही’ म्हणण्याचा हक्क, आणि कोणी गुपित ठेवायला सांगितले तर कोणाला सांगायचे, हे त्या बातमीच्या दिवशी न देता एखाद्या साध्या दिवशी, आंघोळीच्या वेळी द्यावेत, म्हणजे ते भीतीला चिकटून राहत नाहीत. पीडित मुलीचे नाव वा छायाचित्र पुढे पाठवू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. आणि या बोलण्यातून तुमच्याच मुलीने काही सांगितले, तर शांतपणे ऐकावे, उलटसुलट प्रश्न विचारू नयेत, आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांशी संपर्क साधावा. अशी माहिती कळवणे हे याच कायद्याने बंधनकारक आहे.

१४. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

झोप, जेवण, शाळा आणि खेळ यांतील बिघाड महिनाभर टिकला तर जावे. मूल बोलेनासे झाले, “मला मरायचं आहे” म्हणू लागले, स्वतःला इजा करू लागले, किंवा घटनेत जवळचे माणूस गेले असून ते गप्प-गप्प राहत असेल, तर महिना मोजत बसू नये. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ‘टेलि-मानस’ ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही मिळते. झोपेची गोळी किंवा कफ सिरप स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

१५. आजी म्हणते नजर लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळते. करू द्यावे का?

मुलाला त्याने बरे वाटत असेल आणि अंगाला इजा होत नसेल, तर आजीशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिचा हात डोक्यावरून फिरतो हेच त्यातील औषध असते. अट एवढीच, की “तुला काही तरी बाधलंय” असे मुलाच्या देखत बोलू नये आणि त्यापायी डॉक्टर लांबणीवर पडू नयेत. धूर, चटके, उपास, खोलीत कोंडणे यांना साफ नकार द्यावा.

मारबतीचा दिवस या कामी चांगला आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते आणि सगळे शहर “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” असे ओरडते, तेव्हा मुलाला आपली भीती कागदावर काढून तिच्याबरोबर द्यायला सांगावे. फक्त ते उंच पुतळे आणि गर्दी बघून काही लहान मुलेच घाबरतात. त्यांना गच्चीवरून दाखवावे.

१६. मुलगा स्वमग्न आहे. वरचे सल्ले त्याला लागू पडतात का?

बरेचसे, परंतु शब्दांपेक्षा चित्रे, आणि समजूत घालण्यापेक्षा वेळापत्रक अधिक चालते. दुर्घटनेपेक्षा तिच्यामुळे व्हॅन आली नाही किंवा शाळा अचानक बंद राहिली, याचाच त्याला जास्त त्रास होऊ शकतो. बदललेला दिवस चित्रांच्या पट्टीवर आदल्या रात्री दाखवावा. तो मृतांचा आकडा वारंवार म्हणत असेल, तर ते बहुधा असंवेदनशीलतेचे नव्हे, पाठांतराचे लक्षण असते.

१७. बातमी पाहून मीच मुलासमोर ढसाढसा रडले. आता काय?

रडणे दिसले यात बिघडले काही नाही. ते कशासाठी होते हे न कळणे मात्र मुलाला छळते. “आईला त्या लोकांचं वाईट वाटलं म्हणून रडू आलं. आता मी चहा पिते, मग आपण अंगणात जाऊ” असे सांगावे, आणि खरोखर जावे. रोजच असे होत असेल, तर प्रश्न १४ मधील क्रमांक मोठ्यांसाठीही आहे.

१८. मुलगी आता काहीच विचारत नाही. विषय पुन्हा काढावा का?

एकदा, आणि हलकेच. समोरासमोर बसवून न विचारता, शेजारी-शेजारी असताना, म्हणजे वेणी घालताना किंवा स्कूटीवर पुढे उभी असताना, “मागे तू पुराचं विचारलं होतंस, आता काय वाटतं?” असे म्हणून पाहावे. ती “काही नाही” म्हणाली तर ते खरे मानावे. ती म्हणाली की “टॉर्चचे सेल संपलेत”, तर घरी पोचण्याआधी किराणा दुकानाशी गाडी थांबवावी.